परत आलेला शिपाई : चित्रकथाकार मिझुकी शिगेरू

जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर, तोत्तोरी प्रांतात, साकाइमिनातो नावाचे मासेमारीचे एक बंदर आहे. रेल्वे स्थानकातून बाहेर पडून पेठेच्या दिशेने चालू लागले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना ब्राँझचे लहानमोठे पुतळे दिसू लागतात. सार्वजनिक रस्त्यावर ज्यांचे पुतळे उभारण्याची जगभर रीत आहे, अशा सेनापतींपैकी वा मंत्र्यांपैकी त्यांत कोणी नाही. हे पुतळे भुताखेतांचे आहेत. १९९३ साली त्यांची संख्या २३ होती. २०१८ साली रस्त्याची नवी मांडणी झाली तेव्हा ती १७७ वर गेली. ज्या माणसाच्या लेखणी-कुंचल्यातून ही भुते उतरली त्याचे नाव मिझुकी शिगेरू, आणि ज्या रस्त्यावर ती उभी आहेत त्यालाही त्याचेच नाव दिलेले आहे.

जपानी चित्रकथेला ‘मांगा’ म्हणतात, हे आता आपल्याकडील शाळकरी मुलेही जाणतात. तेझुका ओसामू यांचे नाव त्यांच्या ‘बुद्ध’ या प्रदीर्घ चित्रकथेमुळे आपल्या काही वाचकांच्या कानांवर आले असेल. मिझुकींचे नाव त्या मानाने अपरिचित आहे. जपानबाहेरचे अभ्यासक त्यांच्या कामाचे सहसा दोन कप्पे करतात : एकात मुलांच्या भूतकथा, दुसऱ्यात मोठ्यांच्या युद्धकथा. ही वाटणी सोयीची असली तरी आम्हांस ती पटत नाही. मिझुकींच्या आयुष्याचा क्रम पाहिला म्हणजे दोन्ही कप्प्यांतले लेखन एकाच ठिकाणाहून आले आहे असे दिसते, आणि तेच येथे मांडण्याचा आमचा विचार आहे.

त्यांचे मूळ नाव मुरा शिगेरू. जन्म ८ मार्च १९२२ चा, ओसाका येथला. पण बालपण सारे साकाइमिनातोत गेले. लहानपणी त्याला स्वतःचे नाव धड उच्चारता येत नसे. ‘शिगेरू’चे तो ‘गेगेरू’ करी, म्हणून सवंगडी त्याला ‘गेगे’ म्हणू लागले. पुढे हेच टोपणनाव साऱ्या जपानच्या तोंडी बसायचे होते. अभ्यासात यथातथा, झोपेत आणि खाण्यात मात्र पटाईत, आणि चित्रांचा हात उपजत, असा हा मुलगा होता.

त्या घरात कामाला एक म्हातारी येत असे. तिचे नाव कागेयामा फुसा. देवादिकांची प्रार्थना करून पोट भरणाऱ्या माणसांना त्या भागात ‘नोन्नोन’ म्हणत, आणि हिचा नवरा तोच व्यवसाय करी, म्हणून ही ‘नोन्नोनबा’, म्हणजे नोन्नोन आजी. शिगेरूचे खरे विद्यापीठ ही आजी होय. आढ्यावर ओलीचा डाग दिसला की ती सांगे, रात्री छत चाटणारे भूत येऊन गेले, त्याच्या जिभेची ही खूण. न घासलेल्या न्हाणीघरातला मळ चाटायला येणारे भूत निराळे. अंधाऱ्या वाटेवर मागून पावले वाजू लागली तर घाबरू नये. बाजूला सरून ‘बेतोबेतो-सान, आपण पुढे व्हा’ असे नम्रपणे म्हणावे, म्हणजे पावले पुढे निघून जातात. तिनेच त्याला गावातल्या शोफुकुजी मंदिरात नेऊन तेथील नरकाची चित्रे दाखविली. आपण ज्यात राहतो त्याखेरीज आणखी एक जग आहे, आणि त्या जगातल्या रहिवाशांशीही रीतीने वागावे लागते, एवढे या मुलाच्या मनात पक्के बसले. नोन्नोनबा मात्र तो शाळेत असतानाच वारली.

आमच्या वाचकांना यात परके असे काही वाटणार नाही. पिंपळावरचा मुंजा, पाणवठ्याचा गिऱ्हा, वेशीचा वेताळ, गोव्यातला राखणदार देवचार, ही मंडळी आपल्याही आज्यांच्या तोंडून आपल्या घरांत वावरली आहेत. इतकी, की जेथे समुद्राचा थेंब नाही अशा माळव्यात येऊन चार पिढ्या उलटल्यावरही काही घरांत कोकणातली भुते टिकून राहिली. जपानी लोक ज्यांना ‘योकाई’ म्हणतात ते सारेच मेलेल्या माणसांचे आत्मे नव्हेत. पावलांचा आवाज, ओलीचा डाग, रात्री रानात एकाएकी पुढची वाट बंद होणे, अशा अनुभवांना दिलेली ती रूपे आहेत. रात्रीच्या प्रवाशापुढे अदृश्य भिंत होऊन उभा राहणारा त्यांचा ‘नुरिकाबे’ आणि आपला चकवा यांच्यात नात्याचे अंतर फारसे नसावे.

१९४३ साली शिगेरूला सैन्यात बोलावणे आले. वय एकवीस. बरोबर त्याने गटेच्या संभाषणांचे एकेरमानने लिहिलेले पुस्तक घेतले होते. तोत्तोरीच्या पलटणीत त्याला बिगुल वाजविण्याचे काम मिळाले. बिगुल काही वाजेना, तेव्हा त्याने बदली मागितली. अधिकाऱ्याने विचारले, उत्तर हवी की दक्षिण? थंडीचा कंटाळा असलेल्या शिगेरूने दक्षिण मागितली. त्याच्या कल्पनेतली दक्षिण जपानच्या आतलीच होती. वाट्याला आले पॅसिफिक महासागरातले न्यू ब्रिटन बेट आणि त्यावरचा राबाउलचा तळ. हा किस्सा मिझुकी पुढे मोठ्या खुशीत सांगत. ज्या जहाजातून तो गेला त्या ‘शिनानो मारू’ने १९०५ साली रशियन आरमार प्रथम हेरून त्सुशिमाच्या विजयाला हातभार लावला होता. अडतीस वर्षांनी ते जुनाट जहाज त्याच साम्राज्याचे शिपाई मरणाकडे वाहून नेत होते.

राबाउलला सुमारे एक लाख जपानी सैन्य अडकून पडले होते. मित्रराष्ट्रांनी त्यावर थेट चढाई न करता त्याला वळसा घातला आणि विमानांच्या मारापुढे ते कुजत ठेवले. येथे एका गोष्टीचा उल्लेख करावासा वाटतो, कारण आपल्या इतिहासलेखनात तिला फार थोडी जागा मिळाली आहे. सिंगापूर पडल्यावर कैद झालेल्या हिंदी सैनिकांपैकी हजारोंना जपान्यांनी मजुरीसाठी याच बेटांवर आणले होते. उपासमार, हिवताप आणि मारझोड यांनी त्यांतले कित्येक दगावले. राबाउलजवळच्या बिटा पाका येथील युद्धस्मशानात हिंदी सैनिकांची नावे आजही आहेत. ज्या चिखलात हा जपानी चित्रकार शिपाई म्हणून थपडा खात होता, त्याच चिखलात आपल्या देशाची माणसे कैदी म्हणून मरत होती.

थपडा हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरलेला नाही. जपानी भूसेनेत वरिष्ठाने कनिष्ठाच्या थोबाडीत मारणे हा नित्यक्रम होता, आणि मंदगतीच्या, झोपाळू शिगेरूच्या वाट्याला तो उदंड आला. बाइएन नावाच्या ठिकाणी पुढच्या टेहळणीसाठी जी लहानशी तुकडी पाठविण्यात आली तीत तो होता. एके पहाटे पहारा त्याच्याकडे होता. दुर्बिणीतून रानातले पोपट न्याहाळण्यात तो रंगला आणि साथीदारांना उठवायला थोडा उशीर झाला. त्याच वेळी छापा पडला. झोपडीतले सारे साथीदार मारले गेले. पोपटांपायी वाचलेला शिगेरू समुद्रात उडी घेऊन निसटला आणि बंदूक-कपडे गमावून, रानातून आणि किनाऱ्याकिनाऱ्याने दिवसचे दिवस चालत आपल्या लोकांत पोहोचला. अंधारात त्या रानात पुढची वाट बंद झाली आणि हाताला भिंतीसारखे काही लागले, तेव्हा आपल्याला नुरिकाबे भेटला असे त्यांनी पुढे लिहिले आहे.

तळावर त्याचे स्वागत कसे झाले? सम्राटाने दिलेली बंदूक कोठे टाकलीस, आणि सारे मेले असता तूच का परत आलास, असे त्याला विचारण्यात आले. पुढच्या वेळी मरणाऱ्यांत तू पहिला असला पाहिजेस, हेही बजावण्यात आले. मिझुकींच्या चरित्रातला हा क्षण आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माणूस जिवंत परत आला हाच येथे गुन्हा होता, आणि तो करणाऱ्याला त्याचे उत्तर पुढली सत्तर वर्षे द्यावे लागले.

लवकरच हिवतापाने तो आडवा झाला, आणि आजारी असतानाच एका हवाई हल्ल्यात त्याचा डावा हात जायबंदी होऊन कापावा लागला. चित्रे तो उजव्या हाताने काढी, एवढेच काय ते दैव. बरा होत असताना जवळच्या तोलाई लोकांच्या वस्तीत त्याची ये-जा सुरू झाली. स्थानिकांत मिसळू नये असा हुकूम होता. हुकूम पाळण्यात शिगेरूची गती आपण पाहिलीच आहे. त्या लोकांनी त्याला उकडलेली कंदमुळे आणि फळे खाऊ घातली, त्याचे नाव ‘पाउलो’ ठेवले, आणि युद्ध संपल्यावर येथेच राहा, जमीन आणि घर आम्ही देतो, असा आग्रह धरला. तो खरोखरच राहणार होता. एका लष्करी डॉक्टराने समजावले की निदान एकदा आईबापांना भेटून ये. परत येण्याचा शब्द देऊन तो १९४६ साली निघाला. तो शब्द १९७१ साली पुरा झाला. तोपेत्रो नावाच्या ज्या पोराशी तेव्हा मैत्री जमली होती, तो आता संसारी बाप्या झाला होता. त्याच्या मैत्रीवर मिझुकींनी १९९५ साली एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

परतल्यावरची पंधरा वर्षे निव्वळ हालांची. त्याचा थोरला भाऊ युद्धगुन्हेगार म्हणून तुरुंगात गेला होता. एका हाताच्या या माणसाने मासे विकले, मुसाशिनोच्या कलाशाळेत नाव घातले आणि सोडले, कोबे शहरात कर्जाने एक जुनी इमारत घेऊन भाडेकरू ठेवले. त्या इमारतीचे नाव ‘मिझुकी-सो’. तेथे भेटलेला एक चित्रखेळवाला त्याला इमारतीच्या नावावरून ‘मिझुकी-सान’ म्हणू लागला आणि हेच नाव कायमचे चिकटले. घरमालकीतून पैसा काही उरला नाही. नाव तेवढे मिळाले.

हा चित्रखेळ म्हणजे ‘कामिशिबाई’. सायकलवर लाकडी चौकट बांधून खेळवाला गल्लीत येई, लाकडाच्या पट्ट्या वाजवून पोरे जमवी, त्यांना गोळ्या विके आणि एकामागून एक चित्र सरकवीत गोष्ट सांगे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकरांची चित्रकथी ज्यांनी पाहिली आहे त्यांना याची कल्पना चटकन येईल. फरक इतकाच की चित्रकथीचा आधार पुराणांचा, तर कामिशिबाईला रोज नवी गोष्ट लागे, आणि चित्रकारांना त्यापायी रात्रंदिवस राबावे लागे. याच धंद्यात मिझुकींच्या हाती ‘स्मशानातला कितारो’ हे पात्र आले. ते मूळचे युद्धापूर्वीच्या एका चित्रखेळातले. मिझुकींनी परवानगी घेऊन ते आपल्या तऱ्हेने नव्याने घडविले.

दूरदर्शनने कामिशिबाई मारली. १९५७ साली मिझुकी टोकियोला आले आणि भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांसाठी चित्रकथा काढू लागले. १९५८ साली त्यांचे पहिले पुस्तक निघाले तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. या क्षेत्रात बहुतेकांचा उमेदीचा काळ तोवर संपत आलेला असतो. प्रकाशक पैसे बुडवीत, कधी प्रकाशकच बुडे. १९६१ च्या जानेवारीत शेजारच्या शिमाने प्रांतातल्या नुनोए या मुलीशी, पाहण्याचा कार्यक्रम झाल्यापासून पाचव्या दिवशी, त्यांचे लग्न झाले. नवऱ्याच्या टोकियोतल्या घरात पाऊल टाकल्यावर तिला दारिद्र्याची खरी कल्पना आली. चित्रांच्या काळ्या जागा शाईने भरून देण्याचे काम तीही करू लागली. तिने उतारवयात, २००८ साली, त्या दिवसांच्या आठवणी लिहिल्या. २०१० साली त्यांवरची दैनंदिन मालिका जपानी दूरचित्रवाणीवर कमालीची लोकप्रिय झाली.

१९६५ साली वारे फिरले. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या मुलांच्या साप्ताहिकात कितारो आला, त्याच वर्षी दुसऱ्या एका कथेला त्या संस्थेचे पारितोषिक मिळाले. दूरचित्रवाणीवर नेताना ‘स्मशान’ हा शब्द जाहिरातदारांना अपशकुनी वाटला, तेव्हा मिझुकींनी लहानपणीचे आपले टोपणनाव पुढे केले, आणि ‘गेगेगे नो कितारो’ या नावाने जानेवारी १९६८ मध्ये मालिका सुरू झाली. दर पिढीला ती नव्याने निघत आली आहे.

कितारो कोण? भूतवंशातला शेवटचा मुलगा, मेलेल्या आईच्या थडग्यातून स्वतःच वर आलेला, एका डोळ्याचा. त्याच्या बापाचे शरीर सडून गेले, पण पोराच्या काळजीने त्याचा एक डोळा तेवढा जिवंत राहिला. तो डोळा हातपाय फुटून मुलाच्या केसांत बसतो आणि वाडग्यात अंघोळ करतो. कितारोची बंडी पूर्वजांच्या केसांची विणलेली आहे. हे सारे ऐकताना हसू येते, आणि मिझुकींनाही ते यावे असेच वाटत होते. परंतु रानातून एकटाच परत आलेल्या शिपायाच्या हातचे हे चित्र आहे हे ध्यानात घेतले, म्हणजे मेलेल्यांचा शेवटचा वारस, त्यांच्याच केसांनी अंग झाकून जिवंतांत वावरणारा हा पोर निराळा दिसू लागतो. साप्ताहिकातला कितारो पुढेपुढे दुष्ट भुतांपासून माणसांना वाचविणारा शूर नायक झाला. पोटासाठी ते आवश्यक असेल. आम्हांस मात्र भाड्याच्या पुस्तकांतला आधीचा, काहीसा मख्ख आणि कोणाचाच न झालेला कितारो अधिक खरा वाटतो.

या यशाबरोबर मिझुकींनी एक मोठे काम अंगावर घेतले. अठराव्या शतकातल्या तोरियामा सेकिएनच्या चित्रग्रंथांतून आणि लोकसाहित्याचे अभ्यासक यानागिता कुनियो यांच्या टिपणांतून त्यांनी गावोगावची भुते गोळा केली. यानागितांच्या यादीत पुष्कळांचे नुसते नाव नि वर्णन होते. मिझुकींनी त्यांना चेहरा दिला. नुरिकाबेची डोळे-पाय असलेली जाड भिंत ही अशीच त्यांची निर्मिती. यात हानीही झाली. ज्या भुताला प्रत्येक गावाने आपापल्या मनात पाहावे, ते आता सर्वांना एकाच चेहऱ्याचे दिसू लागले. पण खेडी ओस पडत होती, नोन्नोनबांची पिढी संपत होती आणि विजेच्या दिव्यांनी भुतांचा अंधार नाहीसा केला होता. त्या घडीला चेहरा देणे आणि विसरून जाणे यांपैकीच एक निवडायचे होते.

राबाउलहून परतल्यावर दोन वर्षांच्या आत, १९७३ साली, त्यांची प्रसिद्ध युद्धकथा निघाली. तिच्या नावातच ‘ग्योकुसाई’ हा शब्द आहे. रत्न होऊन फुटावे, कौल होऊन अखंड राहू नये, अशा अर्थाच्या जुन्या चिनी वचनातून आलेला हा शब्द १९४३ च्या मे महिन्यात अत्तू बेटावरची तुकडी नष्ट झाली तेव्हा जपानी सेनाधिकाऱ्यांनी उघडपणे वापरला, आणि त्यानंतर सामुदायिक मरणाला तो सुंदर मुखवटा मिळाला. कथेतल्या तुकडीला शेवटचा आत्मघातकी हल्ला करण्याचा हुकूम होतो. सारे मेले अशी वार्ता राबाउलला जाते. पण काहीजण वाचतात. मेलेले जाहीर झालेले लोक जिवंत असणे वरिष्ठांना परवडत नाही, म्हणून त्यांना पुन्हा मरायला लावण्यासाठी अधिकारी धाडला जातो. नऊ दशांश मजकूर सत्य आहे असे मिझुकींनी शेवटी नोंदविले आहे. झुन्गेन येथील ज्या तुकडीची ही हकिकत, ती त्यांचीच होती. हात गेल्यामुळे ते त्या वेळी इस्पितळात होते. प्रत्यक्षात सुमारे ऐंशी जण वाचले. पुस्तकात त्यांनी कोणालाच वाचविले नाही. स्वतःची जागा घेणारा मारुयामा नावाचा शिपाईही शेवटच्या पानांत मरतो. तूच का परत आलास, या प्रश्नाला त्यांनी एकदाचे कागदावर मरून उत्तर दिले.

त्या पुस्तकातली माणसे गोल नाकांची, हास्यचित्रांतल्यासारखी आहेत; झाडे, आकाश, समुद्र आणि अखेरची प्रेते मात्र छायाचित्रासारखी बारकाईने रेखाटलेली. युद्धावर लिहू लागले की कोठून कोण जाणे एक संताप उसळून येतो, तो मेलेल्यांचाच असावा, असे त्यांनी म्हटले आहे. नोन्नोनबाच्या शिष्याने हे वाक्य लिहिले आहे हे विसरता कामा नये. मेलेली माणसे काही मागत असतात आणि ते ऐकून घ्यावे लागते, ही तिचीच शिकवण होती.

१९८८-८९ मध्ये त्यांनी शोवा काळाचा, म्हणजे सम्राट हिरोहितोच्या कारकिर्दीचा, आठ खंडांचा चित्रमय इतिहास काढला. त्यात देशाच्या घडामोडी आणि स्वतःचे आयुष्य आळीपाळीने येते, आणि निवेदन करतो तो कितारोच्या गोतावळ्यातला लोभी, घाणेरडा उंदीरमाणूस! राष्ट्रीय इतिहास सांगायला असा सूत्रधार निवडणे हे धारिष्ट्य खरेच. फ्रान्समधील आंगुलेम येथील चित्रकथा महोत्सवात २००७ साली ‘नोन्नोनबा’ या पुस्तकाला सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा मान मिळाला. त्या आधी तो कोणा जपानी पुस्तकाला मिळाला नव्हता. कोणे एके काळी मोलाने राबणाऱ्या एका निरक्षर परंपरेच्या म्हातारीचे नाव अशा रीतीने युरोपात पोहोचले.

आळशी व्हा, असा उपदेश मिझुकी म्हातारपणी करीत, आणि स्वतः दहा-दहा तास झोपत. रात्र रात्र जागण्याची फुशारकी मारणारे तेझुका आणि इशिनोमोरी दोघेही साठीतच गेले, हे ते गंभीरपणे सांगत. गरिबीत त्यांनी स्वतः काय जागरणे केली हे मात्र नुनोएबाईंच्या आठवणींवरून कळते. ३० नोव्हेंबर २०१५ रोजी, त्र्याण्णवाव्या वर्षी, ते वारले.

त्याच वर्षी, मृत्यूच्या काही महिने आधी, घरातल्या जुन्या पत्रांत काही कागद सापडले. १९४२ च्या शरदात, सैन्यात जाण्यापूर्वी, वीस वर्षांच्या शिगेरूने ते लिहिले होते. चित्रकलेत जगावे की तत्त्वज्ञानात, मरण समोर असता या दोन्हींचा उपयोग काय, असे त्यांत कासावीस होऊन विचारले आहे. एका साहित्यिक मासिकाने ते छापले. कागद वाचनात आले तेव्हा ते लिहिणारा अजून जिवंत होता.